ओवीचे दृश्यांकन : मुळशीतील एका संशोधनाच्या निमित्ताने

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडच्या म्हातोबाकडे जाणारे बगाड हा मुळातच पाहण्याचा विधी आहे. गळकऱ्याचा मान, बगाडाची मिरवणूक, दुतर्फा लोटलेला समुदाय यांत चित्रण करणाऱ्याला वेगळे काही शोधावे लागत नाही. त्याच मुळशी तालुक्यातील जात्यावरच्या ओवीची स्थिती नेमकी उलट आहे. ती पहाटेच्या अंधारात, घराच्या आत, कोणी प्रेक्षक नसताना गाइली जात असे. सामाजिक संशोधनाचे निष्कर्ष लघुपटाद्वारे मांडावेत की नाही, या प्रश्नाची खरी कसोटी बगाडावर लागत नाही. ती ओवीवर लागते.

या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांचे कार्य अभ्यसनीय आहे. मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करीत असताना त्यांना या ओव्यांचे मोल जाणवले, आणि पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेच्या वतीने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. पॉइत्व्हाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पुढे हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’कडे आला, आणि २०१७ पासून तेथे ओवी, तिचा अनुवाद, ध्वनिमुद्रण आणि अनेक ठिकाणी लघुपट अशा एकत्रित रूपात तो प्रसिद्ध होऊ लागला.

मराठीच्या अभ्यासकाला ओवी परिचित आहे ती मुद्रित रूपात. साने गुरुजी, सरोजिनी बाबर आदींच्या संकलनांमुळे ती टिकली, हे ऋण मोठेच आहे. परंतु छापील पानावर ओवी दोन ओळींची, सुबक आणि एकटी दिसते. गाताना ती तशी नसते. चरणाचा तुकडा पुन्हा घेतला जातो, मध्येच सखीला साद घातली जाते, खुंट्याला धरलेल्या हाताच्या फेऱ्यावर श्वास ठरतो, आणि एकीने सोडलेला चरण दुसरी उचलते. संकलकाने ‘अनावश्यक’ म्हणून गाळलेले हे भाग ओवीच्या रचनेचेच घटक आहेत. ध्वनिफितीने त्यांतील पुष्कळसे परत मिळवून दिले. दोघींची परस्परांकडे पाहण्याची रीत, चरण विसरल्यावरचे हसू, आठवताना थांबलेला हात हे मात्र ध्वनिफितीत येत नाही, लघुपटात येते. शिवाय ज्या स्त्रियांपासून ही सामग्री मिळाली त्यांपैकी पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. इंग्रजीतील प्रबंध त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. पडद्यावरील स्वतःचे गाणे त्यांना पाहता येते, आणि चुकले असेल तर चुकले असे म्हणताही येते. संशोधनाची ही तपासणी कोणत्याही परीक्षकमंडळाच्या तपासणीहून कमी महत्त्वाची नव्हे.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते. पिठाची गिरणी गावोगावी आल्यावर दळणाचे रोजचे काम संपले. आज एखादी वृद्ध स्त्री कॅमेऱ्यासमोर जात्याशी बसते तेव्हा ती दळत नसते, दळणाची आठवण करीत असते. भर दिवसाच्या उजेडातले, पाहुण्यांसाठी मांडलेले ते जाते पाहून विद्यार्थ्याचा समज असा होतो की ओवी म्हणजे सादर करण्याचा प्रकार. पहाटेचा शीण, सासरचा धाक, कोणी ऐकत नाही म्हणून बोलता आलेले दुःख, या साऱ्यांतून ओवी घडली. तो एकान्त चित्रणाने अपरिहार्यपणे मोडतो. लघुपटाने ही गोष्ट लपवू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

ती अपेक्षा पुरी करण्याचा एक मार्ग या प्रकल्पातच दिसतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. २०१७ मध्ये संग्राहक पुन्हा तेथे गेले. जुना आवाज आणि नवे चित्र शेजारी ठेवले की मधली एकवीस वर्षे आपोआप दिसू लागतात. येथे लघुपट ओवीचे ‘मूळ’ दाखवण्याचा दावा करीत नाही. गाणारीचे वय, तिचा बदललेला आवाज आणि तिला अजून आठवते ते, एवढेच तो नोंदवतो. संशोधनदृष्ट्या हा पुरावा अधिक प्रामाणिक आहे.

हिंजवडी परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली आणि शेतजमिनीचे रूप पालटले. अशा गावांतील ओव्यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच जाते शोधून आणून त्यापुढे कोणाला बसवण्याची घाई करू नये. जाते आता कोठे आहे, अंगणात पालथे पडले आहे की विकले गेले, हे आधी चित्रित करावे. भाषांतराच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पडद्याच्या तळाशी येणारी मजकुराची पट्टी अरुंद असते. तीत पुनरावृत्ती व संबोधने बसत नाहीत म्हणून ती वगळण्याकडे कल होतो. मग वर गाणारी स्त्री सखीला तीन वेळा साद घालीत असते आणि खाली मात्र तीच छापील, सुबक, दोन ओळींची ओवी उमटत असते.