हातातील नोंद आणि दारातील माणूस

सकाळी कार्यालय उघडते आणि ग्रामपंचायतीचा सचिव जन्मनोंदीचा अर्ज समोर घेतो. बालकाच्या आईचे नाव लिहून होते, वडिलांचे नाव अर्ध्यावर येते, तोच रहिवासाचा दाखला मागण्यासाठी एक गृहस्थ दारात उभे राहतात. त्यांचे समाधान होते न होते तोच गटविकास कार्यालयाचा दूरध्वनी येतो. कसलासा तक्ता दुपारपर्यंत हवा असतो. तो शोधीत असता नळाला पाणी नसल्याची तक्रार येते, घरपट्टी भरणारा येतो, सरपंचांचा निरोप येतो. दुपारी जेवणाचा डबा उघडताना सचिवाच्या ध्यानात येते की, वडिलांचे नाव अजून अर्ध्यावरच आहे.

हे चित्र केवळ पंचायतीचे नाही. तलाठी, शाळेचे मुख्याध्यापक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, सहकारी संस्थेचा हिशेबनीस अशा सर्वांचाच हा नित्याचा अनुभव होय. दिवसभर क्षणाची उसंत मिळत नाही आणि सायंकाळी ‘आज झाले काय?’ या प्रश्नाला समाधानकारक उत्तरही देता येत नाही. अशा वेळी कोणी कर्मचाऱ्याच्या आळसाला दोष देतात, तर कर्मचारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोष देतो. ही दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. दोष कामाच्या मांडणीत असतो आणि मांडणी सुधारता येते.

व्यत्ययाने नेमके काय बिघडते?

व्यत्ययाने वेळ जातो, ही गोष्ट सर्वांनाच दिसते. न दिसणारी हानी निराळी आहे. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना हात लगेच वळतो, परंतु मन तितक्या तत्परतेने वळत नाही. त्याचा काही अंश मागील कामातच गुंतून राहतो. सोफी लरॉय या अमेरिकेतील अभ्यासिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. पहिले काम अपुरे राहिले असता दुसऱ्या कामावरील लक्ष उणे पडते, असे तिला आढळले. म्हणजे अर्धवट राहिलेला जन्मनोंदीचा अर्ज दाखला मागणाऱ्या गृहस्थांच्या कामातही आडवा येतो. दोघांपैकी कोणालाही सचिवाचे पूर्ण लक्ष मिळत नाही.

व्यत्यय लांबलचक असला तरच बाधतो, असेही नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना क्रमाने करावयाचे एक काम संगणकावर दिले होते. मध्येच सरासरी २.८ सेकंदांचा खंड पाडला असता क्रम चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले. ‘साहेब, एकच मिनिट’ असे म्हणावयास जितका वेळ लागतो, तितकाच हा अवधी होय.

ज्या कामात चूक जिवावर बेतते, तेथे हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका रुग्णांना औषधे देत असता निरीक्षण करण्यात आले; त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ४,२७१ प्रसंगांपैकी निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेच्या कामात कोणीतरी खंड पाडला होता, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले दिसून आले.

याच्या उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, व्यत्यय येत असलेली माणसे काम कित्येकदा अधिक वेगाने उरकतात. मात्र त्यापायी त्यांच्या मनावरील ताण, त्रागा आणि श्रम वाढतात. तेव्हा ‘काम तर झाले ना?’ एवढे विचारून भागत नाही. ते कोणत्या किमतीस झाले, हेही पाहावे लागते.

एका अक्षराची किंमत

पंचायत सचिवाच्या अर्धवट राहिलेल्या अर्जाकडे पुन्हा वळू. गोव्याच्या ग्रामीण भागात जन्म-मृत्यूच्या नोंदीचे काम पंचायतीच्या सचिवाकडे असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीची जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र इत्यादी कामांसाठी जन्माचाच दाखला धरला जातो. आज कार्यालयात ओढलेली एक ओळ त्या बालकाला आयुष्यभर सोबत करणार आहे.

त्या ओळीत वडिलांचे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक दूरध्वनी आला, आणि परतल्यावर ‘नाईक’च्या जागी मघाच्या गृहस्थांचे ‘गावकर’ हे आडनाव लिहिले गेले, असे समजा. त्या दिवशी कोणाला काही कळणार नाही. कळेल ते पाच-सहा वर्षांनी, शाळेच्या दारात. अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त करता येते. पण मूळ नोंदीत फेरफार न करता, समासात योग्य ती नोंद करून, तारीख व सही घालूनच. त्यासाठी पालकांना पुरावे गोळा करावे लागतात, रोजंदारी बुडवून खेपा घालाव्या लागतात. आणि दुरुस्ती मागण्यासाठी आलेला हा माणूस त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या नोंदीत व्यत्यय ठरतो. अशा रीतीने एक व्यत्यय पुढील अनेक व्यत्ययांना जन्म देतो.

दोन प्रकारची कामे

यावर उपाय म्हणून कार्यालयाचे दार बंद करावे काय? मुळीच नाही. दारातील माणसासाठीच कार्यालय आहे. ज्या कार्यालयात कोणी येत नाही, तेथील शांतता काय कामाची? म्हणून व्यत्यय समूळ नाहीसे करण्याच्या नादी न लागता, कोणते काम खंड सोसते आणि कोणते सोसत नाही, याचा विवेक करणे हाच खरा मार्ग होय.

टपाल लावणे, पावत्या फाडणे, नमुने देणे, माहिती सांगणे ही कामे तुटक-तुटक केली तरी बिघडत नाहीत. याउलट जन्म-मृत्यूची नोंद, रोजकीर्दीची बेरीज, ग्रामसभेचे इतिवृत्त, परीक्षेच्या गुणांची यादी, लसीकरणाची नोंद ही कामे एका बैठकीतच व्हावयास हवीत. पहिल्या प्रकारची कामे लोकांच्या गर्दीच्या वेळी हाती घ्यावीत. दुसऱ्या प्रकारच्या कामांसाठी दिवसातील थोडा वेळ राखून ठेवावा.

विमानचालनाच्या क्षेत्रात ही रीत नियमाने घालून दिली आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट येथे उतरताना एक विमान कोसळले. उतरण्याच्या ऐन घडीला वैमानिक कामाबाहेरच्या गप्पांत गुंतले होते, असे चौकशीत दिसून आले. पुढे १९८१ मध्ये तेथील विमानचालन प्रशासनाने नियम केला की, उड्डाण करताना, उतरताना आणि एरवीही दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी अनावश्यक बोलणे वा काम करू नये. संपूर्ण प्रवासभर मौन पाळावे, असे हा नियम सांगत नाही; जोखमीचा काळ तेवढा तो राखून ठेवतो. कार्यालयालाही दिवसातील अर्धा-पाऊण तास असा राखता येईल. तो केव्हाचा असावा, हे गावाच्या रहाटीवरून ठरवावे. लोक शेतावर वा कामावर जाण्यापूर्वी येत असतील, तर सकाळ त्यांची आणि दुपारचा काही वेळ नोंदींचा. ही वेळ दारावर स्पष्ट अक्षरांत लावावी. अपघात, आजारपण, मृत्यू अशा निकडीच्या कामास मात्र ती आड येता कामा नये.

खूण ठेवण्याची रीत

वेळ राखूनही व्यत्यय येणारच. तेव्हा काय करावे, हे आपल्या खळ्यावरील मापाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. भात मापताना तो प्रत्येक मापाची गणती मोठ्याने म्हणत जातो आणि मोजलेल्या मापांची खूण बाजूला ठेवतो. कोणी हाक मारली तरी हातातील माप पुरे केल्यावाचून तो मान वळवीत नाही. गणती विसरली तर ती खुणेवरून पुन्हा लावता येते.

या जुन्या रीतीला नव्या संशोधनाचाही दुजोरा मिळाला आहे. सोफी लरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी २०१८ मध्ये असे दाखविले की, काम सोडण्यापूर्वी ‘कोठवर आलो आणि पुढे काय करावयाचे’ हे थोडक्यात टिपून ठेवले, तर मध्येच आलेल्या कामाकडे मन अधिक चांगले लागते. त्यास मिनिटभरसुद्धा पुरते. कार्यालयासाठी या रीतीचे तीन नियम सांगता येतील.

पहिला नियम : चालू ओळ पुरी केल्यावाचून मान वर करू नये. ‘मावशी, बसा. एवढी ओळ संपवतो, मग तुमचेच काम घेतो,’ एवढे शब्द पुरेत. म्हातारीला बसावयास जागा मिळते, आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे कळते, आणि नोंदही शाबूत राहते. मान खाली घालून गप्प राहणे हा मात्र या नियमाचा विपर्यास होय.

दुसरा नियम : उठण्यापूर्वी कागदाच्या तुकड्यावर एक शब्द लिहून तो त्या जागी ठेवावा, जसे ‘आडनाव बाकी’ किंवा ‘बेरीज पान १२ पर्यंत’. संगणकावर काम चालू असल्यासही हा तुकडा उपयोगी पडतो.

तिसरा नियम : परत आल्यावर सोडलेल्या शब्दापासून पुढे न जाता ओळीच्या आरंभापासून वाचीत यावे. नोंद पुरी झाल्यावर माहिती देणाराला ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि मगच सही करावी. यास दोन मिनिटे लागतात. दुरुस्तीस महिने लागतात.

आपणच आणलेले व्यत्यय

सर्वच व्यत्यय बाहेरून येत नाहीत. कामात खंड पडण्याच्या प्रसंगांपैकी जवळजवळ निम्मे प्रसंग माणूस स्वतःच ओढवून घेतो, असे कार्यालयांतील निरीक्षणांत आढळले आहे. भ्रमणध्वनी वाजला नाही तरी तो उघडून पाहणे, कठीण तक्ता समोर येताच टपाल चाळू लागणे, ही त्याची ओळखीची रूपे होत. दारातील माणसाला थांबावयास सांगणाऱ्याने आधी खिशातील यंत्रास थांबावयास सांगितले पाहिजे.

वरिष्ठ, शिक्षक आणि ग्रामस्थ

ही शिस्त एकट्या कर्मचाऱ्याने पाळून भागणारी नाही. ‘आजच्या आज’ हवी असलेली माहिती वरिष्ठ कार्यालयाने खरोखरच निकड असेल तेव्हाच मागावी. दिवसभरात दहा निरोप धाडण्यापेक्षा ठरल्या वेळी एकत्रित पत्र पाठवावे. शाळेत तर हे अधिकच आवश्यक आहे. वर्गात पाठ रंगात आलेला असता सूचनेची वही फिरवली, तर एका शिक्षकाचे नव्हे, तीस मुलांचे लक्ष एकाच वेळी तुटते. सूचना परिपाठाच्या वेळी किंवा मधल्या सुटीत द्याव्यात, आणि गुणांच्या बेरजेसाठी शिक्षकाला अखंड तास द्यावा.

ग्रामस्थांनीही आपला वाटा उचलावा. आपल्या पाल्याची नोंद चालू असताना कोणी मध्ये बोललेले पालकाला रुचत नाही. तसेच दुसऱ्याच्या नोंदीच्या वेळी आपणही थांबावे. कार्यालयाने कोणत्या दाखल्यास कोणती कागदपत्रे लागतात, याचा फलक बाहेर लावावा आणि ग्रामस्थांनी तो वाचून यावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो समजावून सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे.

एका आठवड्याचा पाठ

हा विषय वाचून सोडून देण्याचा नाही. सहा दिवस जवळ एक छोटी वही ठेवावी. काम थांबले की चार गोष्टी टिपाव्यात : वेळ, कोण आले, कशासाठी आले, आणि ते काम तासभर थांबू शकले असते काय. आठवड्याच्या शेवटी वही चाळली म्हणजे तीन बाबी उघड होतील : कोणता प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, म्हणजे फलक कशाचा हवा, कोणती वेळ सर्वांत निवांत असते, म्हणजे नोंदींचा तास केव्हाचा असावा, आणि किती वेळा आपणच आपल्या कामात खंड पाडला. यांतील एकच दुरुस्ती पुढील आठवड्यात अमलात आणावी, ती अंगवळणी पडली की दुसरी.

असे केल्याने कार्यालयातील वर्दळ थांबणार नाही. ती थांबावी अशी अपेक्षाही नाही. मात्र दाखल्यासाठी आलेल्या गृहस्थांना त्यांचा दाखला वेळेवर मिळेल, आणि ज्या बालकाने अद्याप कार्यालयाचे दारही पाहिलेले नाही, त्याच्या वडिलांचे नाव त्याच्या दाखल्यावर अचूक उतरेल.