बारावी राहून गेली असेल, तर एडिसनला येण्याआधी

मानपाडा म्हटलं की आधी विचारावं लागतं, घोडबंदर रोडचा की डोंबिवलीचा? आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घोळक्यात दोन्हीकडचे आहेत. भावाने अर्ज केला, नंबर लागायला दीड तप गेलं आणि चाळिशीत ग्रीन कार्ड हातात पडलं, अशी ही मंडळी. कुणी दहावी होताच एमआयडीसीत लागलं, कुणाचं लग्न उरकलं. इथे आल्यावर कॉलेजची फी पाहून पोटात गोळा येतो. चार घरांचे अनुभव गोळा करून हे लिहिलंय.

पहिला प्रश्न मार्कशीटचा नाही, व्हिसाचा. कॉलेजच्या खर्चासाठी फेडरल मदत ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. एच-फोर किंवा एफ-वनवर असाल तर नाही. बारावीला नव्वद टक्के असले तरी नाही.

व्हिसाचं जमत असेल, तर पुढचा प्रश्न हायस्कूल पूर्ण झाल्याच्या पुराव्याचा. बारावी पास आहात, पण कागद सापडत नाहीत? मग निघण्याआधी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडा आणि वाशीच्या विभागीय मंडळातून दुय्यम गुणपत्रिका काढा. इथे बसून हे काम करणं म्हणजे भाच्याला रोज फोन. नुसत्या दहावीवर विसंबू नका. इथे शाळा बारावीपर्यंत असल्याने बहुतेक ठिकाणी दहावी म्हणजे हायस्कूल पूर्ण, असं मानत नाहीत. नंबर लागायला अजून दोनेक वर्षं असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून उरकून घ्या. आमचा आग्रह यालाच आहे.

आलातच तसे, तर जीईडी, म्हणजे हायस्कूल डिप्लोमाच्या तोडीची परीक्षा. गणित, भाषा, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे चार पेपर, प्रत्येकात किमान १४५ गुण. पेपर इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये, मराठीत नाही. पण बोर्डासारखं सगळं एका मार्चात नसतं. एकेक विषय द्या, राहिला तेवढाच परत द्या. तयारीचे फुकट वर्ग बऱ्याच गावांत चालतात.

तिसरी वाट फारशी कुणी सांगत नाही, ती 'ॲबिलिटी टू बेनिफिट'ची, म्हणजे डिप्लोमा नसतानाही फेडरल मदत मिळण्याची. २०१२ साली ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली होती, पुढे 'करिअर पाथवे' अभ्यासक्रमांपुरती उघडली. अशा अभ्यासक्रमात नाव घालायचं आणि मान्यताप्राप्त चाचणी पास व्हायची, नाहीतर ६ क्रेडिट पूर्ण करायची. या ६ क्रेडिटची फी मात्र पदरची. असा अभ्यासक्रम प्रत्येक कॉलेजात नसतो, म्हणून फायनान्शियल एडच्या खिडकीवर हेच नाव घेऊन विचारा. 'डिप्लोमा नाही' एवढंच म्हणालात तर जीईडीचा कागद हातात मिळेल आणि तुम्ही घरी.

'आठवड्यात हायस्कूल डिप्लोमा' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. कॉलेज चौकशी करतं, आणि फॉर्मवर खोटं लिहिलेलं अंगाशी येतं.

मदतीसाठी भरायचा फाफ्सा हा फॉर्म फुकट आहे, नावातला पहिला 'फ' त्याचाच. भरून देतो म्हणत पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न विचारतात. ते डोंबिवलीतलं असलं तरी डॉलरमध्ये लिहायचं, म्हणून जुनी रिटर्न्स बॅगेत टाका. विवाहितांना आईवडिलांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही. पात्र ठरलात तर पेल ग्रँट मिळते. २०२४-२५ साली ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती आणि ती सहसा परत करावी लागत नाही.

आमच्यातल्या एका वहिनींचं जीईडीचं गणित तिसऱ्या खेपेला सुटलं. पुस्तकं त्यांच्याकडे अजून आहेत, मागून घ्या.