वैशालीच्या शिंप्याची भिंत



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासासंबंधी एक स्वतंत्र खंड आहे. त्यात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकीकत येते. हकीकत लहान आहे. पण ज्यांना आपल्या सोबत्यांसह एखाद्या गरजू कुटुंबाचे घर उभारून द्यावेसे वाटते, त्यांनी हातात घमेले घेण्यापूर्वी ती वाचावी.

वैशालीचे लोक मन लावून संघासाठी बांधकाम करीत होते. ते पाहून शिंप्याला वाटले, हे काम काही क्षुल्लक नसणार, आपणही करावे. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु त्याला ते काम येत नव्हते. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. त्याने पुन्हा रचली, पुन्हा कोसळली. तिसऱ्यांदाही तेच झाले. तेव्हा तो चिडला. जे चीवर देतात, भोजन देतात, औषध देतात, त्यांच्या बांधकामावर भिक्खू देखरेख करतात. मी गरीब, मला सांगणारे कोणी नाही, अशी त्याने उघड तक्रार केली. ती भगवान बुद्धांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी नव्या बांधकामाची देखरेख भिक्खूकडे सोपविण्याची अनुज्ञा दिली. काम लवकर पुरे व्हावे आणि मोडकेतोडके दुरुस्त व्हावे, ही त्या भिक्खूची जबाबदारी ठरली. या कामाला पालीत ‘नवकम्म’ म्हणतात.

या हकीकतीतून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, श्रद्धा आणि घाम यांनी भिंत उभी राहत नाही. त्याला जाणकाराची नजर लागते. दुसरी, ज्ञान केवळ देणाऱ्या श्रीमंताच्या दारी जात असेल, तर गरिबाची भिंत पडतच राहणार. तिसरी सर्वांत महत्त्वाची. शिंप्याची कीव करून कोणी त्याला भिंत बांधून दिली नाही. नियम झाला, व्यवस्था झाली. करुणा ही अशी व्यवस्थेत उतरली म्हणजे टिकते.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आदळले. रेवदंडा-चौलपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले फुटली, पत्रे उडून गेले. ज्यांचे घर पक्के होते त्यांचे नुकसान झाले. ज्यांचे घर कच्चे होते त्यांचे घरच गेले. वादळ सर्वांवर सारखेच येते, पण सर्वांना सारखे लागत नाही.

शासनाच्या योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना निघाली. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला. त्यात घर किमान २५ चौरस मीटरचे असावे आणि ते ठेकेदाराने नव्हे, तर कुटुंबाने स्वतः बांधावे, असे ठरले. तत्त्व उत्तम आहे. पण पैसे हप्त्याहप्त्याने येतात, आणि पुढचा हप्ता काम पुढे गेल्याशिवाय येत नाही. मोलमजुरी करणारी बाई घर बांधायला थांबली, तर तिची रोजची मजुरी बुडते. मजुरीला गेली, तर घर थांबते. जोते झाले आणि भिंती राहिल्या, अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. श्रमदानाची खरी जागा तेथे आहे.

आपल्यापैकी कोणी शाळेत नोकरी करतो, कोणी पोस्टात, कोणी साळावच्या पोलाद कारखान्यात, कोणी थळच्या खत कारखान्यात. एका ठिकाणी काम करणाऱ्या दहा-बारा जणांनी चार रविवार दिले, तर अडलेले घर पुढे सरकते. मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. गवंडी हाच त्या दिवसाचा गुरू. ओळंबा धरणे, कोपरा काढणे, सळई बांधणे, छप्पर चढविणे ही कामे त्याची. पाया खणणे, जांभ्याचे चिरे वाहणे, वाळू चाळणे, माल पोचविणे ही आपली. पदवीधराने गवंड्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. त्याची मजुरी मात्र चोख द्यावी. कारागिराचे पोट मारून केलेले श्रमदान हे दान नव्हे.

२. खाडीची किंवा समुद्राची खारी वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मिठाने सळई आतून गंजते आणि काही वर्षांत स्लॅब फुटतो. भिंतीवर मारायचे पाणीही गोडेच हवे. सिमेंटच्या कामाला किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे. रविवारी आलेले सोबती सोमवारी कामावर जातात. म्हणून पाण्याची पाळी आधीच लावून घ्यावी. फोटोत न दिसणारे हे काम भिंतीला बळ देते.

३. वादळात वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर उचलतो. म्हणून वासे भिंतीशी लोखंडी पट्टीने जखडावेत, पत्र्याला हुकाचे बोल्ट भरपूर असावेत, वळचण फार बाहेर काढू नये. शक्य असेल तेथे दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरे.

४. दार कोणीकडे, चूल कोठे, हे घरच्यांनी ठरवावे, आणि त्यात घरातल्या बाईचे मत प्रथम घ्यावे. घराच्या कागदावर तिचे नाव आहे की नाही, हेही पाहावे. भिंतीवर आपल्या मंडळाची पाटी लावू नये. ज्या घराच्या कपाळावर दात्याचे नाव असते, तेथील मुलाला रोज दारातून जाताना आपण उपकारात वाढलो हे वाचावे लागते.

या कामाची एक परदेशी कथाही जाणून घेण्यासारखी आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १९४२ साली ‘कोइनोनिया’ नावाची शेती सुरू झाली. तेथे काळे व गोरे लोक एकत्र राबत आणि एका टेबलावर जेवत. आसपासच्या गोऱ्या समाजाने तिच्यावर बहिष्कार टाकला, हल्लेही झाले. त्याच शेतीवर गरिबांसाठी श्रमसहकार्याने घरे बांधण्याची कल्पना वाढली आणि १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था निघाली. घर घेणाऱ्याने स्वतः राबावे आणि बिनव्याजी हप्त्यांनी पैसे फेडावेत, ही तिची रीत. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवली येथे या संस्थेने शंभर घरांचे काम हाती घेतले, तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेथे कामाला उभे राहिले होते. मोठ्या माणसाचे येणे बातमी होते. आपण ध्यानात ठेवायचे ते इतकेच, की घर घेणारा तेथे हात पसरून बसला नव्हता. तो सोबत राबत होता.

आपल्याकडे तर याला आणखी अर्थ आहे. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज बांधकामावर निरनिराळ्या जातींचे सहकारी एका पिंपातले पाणी पितात का, दुपारी त्या कुटुंबाच्या घरची भाकरी खातात का, याकडे लक्ष द्या. स्वतःचा डबा घेऊन दूर झाडाखाली बसणारा श्रमदान करील, पण मैत्री करणार नाही. भाकरी नाकारणाऱ्याने वाहिलेला चिरा त्या कुटुंबाला जडच वाटेल.

आणि आपल्यातील नोकरदारांनी एक विचारून पाहावे. आपले स्वतःचे घर पक्के झाले, तेव्हा शेजारच्या कुडाच्या भिंतीकडे आपली नजर वळली का? वैशालीचा शिंपी आजही रागावून बोलतो आहे. त्याला धीराचे शब्द नकोत. त्याला ओळंबा कसा धरावा हे सांगणारा माणूस हवा आहे.

घरात बसून विचार करण्यासाठी प्रश्न :

१. शिंप्याची तक्रार योग्य होती का? तुम्ही त्याच्या जागी असता तर कोणाकडे गेला असता?

२. आपल्या वस्तीत जोत्यावर अडलेले घर कोणते? ते पैशाअभावी अडले, कागदाअभावी की हातांअभावी?

३. आपल्या घरातील प्रत्येकाला बांधकामातले कोणते एक काम येते? जे येत नाही, ते कोणाकडून शिकता येईल?