मेणबत्तीचा काचेचा ग्लास: निवड आणि वापर

घरी मेणबत्त्या करणारे बहुतेक जण काच तडकेल या धास्तीने गरम मेण ओतताना जपून असतात. त्या वेळी मेण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. टपरीवरचा उकळता चहा त्याहून गरम असतो आणि तोही काचेच्याच ग्लासात ओतला जातो. खरा घात होतो तो मेणबत्ती संपत आल्यावर. मेण तळाशी जाते, ज्योत तळाचा एकच ठिपका तापवत राहते आणि भोवतालची काच तुलनेने थंड असते. तापलेला भाग पसरू पाहतो, थंड भाग त्याला पसरू देत नाही, आणि या ओढाताणीत तडा जातो.

घरातले साधे ग्लास आणि जॅम-लोणच्याच्या बरण्या सोडा-लाइम काचेच्या असतात. तापल्यावर ही काच उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट पसरते. म्हणून बोरोसिलिकेटच हवी असे मात्र नाही. दुकानातल्या मेणबत्त्याही बहुधा सोडा-लाइम काचेतच असतात. फक्त तो ग्लास घडवल्यावर सावकाश थंड करून त्यातला ताण काढलेला असावा लागतो. अमेरिकेत अशा ग्लासांसाठी ‘एएसटीएम एफ २१७९’ हे स्वतंत्र मानक आहे. रिकाम्या बरणीबाबत अशी खात्री कोणी देत नाही, म्हणून ती निवडताना डोळे आणि नख दोन्ही वापरावेत. काठावरून नख फिरवले की टवका लगेच लागतो. उजेडात धरल्यावर केसासारखी रेघ दिसली, तर ती बरणी बाद.

आकारही तितकाच महत्त्वाचा. जाड तळ आणि पातळ भिंत जिथे मिळतात ती जागा सर्वांत नाजूक. तिथून तडा गोल फिरला, तर तळाची चकती सुटून येते आणि वितळलेले मेण एकदम टेबलावर पसरते. दांडीचे वाइन ग्लास दिसायला छान, पण वरचेवर कलंडतात. आत वळलेले तोंड ज्योतीने फार तापते. सरळ भिंतीचा, रुंद बुडाचा, सारख्या जाडीचा ग्लास सर्वांत बरा. त्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावा; सकाळी कागद ओला दिसला, तर निकाल लागलाच.

मेण वितळवायला काचेचे मापपात्र गॅसवर ठेवू नये. चोचीचे स्टीलचे भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवले की मेण शंभर अंशांच्या वर जात नाही. थेट आचेवर पॅराफिन उकळी न येता तापत राहते आणि साधारण २०० अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये, भडका उडतो; आच बंद करून झाकण घालावे.

ग्लास पूर्ण कोरडा आणि किंचित कोमट असावा. ओतताना तो ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर नको, लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कागदावर असावा. वातीखालची पत्र्याची चकती बरोबर मध्यभागी चिकटवावी. वात भिंतीकडे झुकली की त्या बाजूची काच काळवंडते आणि जास्त तापते. वात ६ मिलिमीटरइतकी कापलेली ठेवावी, सलग चार तासांहून अधिक जाळू नये आणि तळाशी सव्वा सेंटिमीटर मेण उरताच मेणबत्ती विझवावी. ते मेण वाया जाते म्हणून हळहळण्यात अर्थ नाही, तळाची काच त्यामुळेच वाचते.

उरलेले मेण काढण्यासाठी ग्लास फ्रीजरमध्ये ठेवला असेल, तर तो थेट गरम पाण्यात घालू नये. आधी तो साध्या तापमानाला येऊ द्यावा, मग कोमट पाणी वापरावे. सुटलेले मेण मोरीत सोडू नये, पाइपात गोठून बसते. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे.