सापाच्या पेटीला ऊब किती द्यावी?

श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून हिवाळ्यात सकाळी जाताना जांभ्याच्या गडग्यावर उन्हात पसरलेली धामण कदाचित तुमच्या दृष्टीस पडली असेल. ऊन तापू लागले की ती तेथे दिसत नाही. गडग्याच्या फटीत किंवा पोफळींच्या दाट सावलीत ती निघून जाते. ती असे का करते?

सापाला आपण ‘थंड रक्ताचा प्राणी’ म्हणतो. हे नाव फसवे आहे. उन्हात शेकून निघालेल्या सापाचे रक्त जवळजवळ आपल्या रक्ताइतके उष्ण असू शकते. फरक आहे तो उष्णता मिळविण्याच्या मार्गात. आपले शरीर अन्नापासून उष्णता निर्माण करून आपले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. साप ती उष्णता ऊन, तापलेला दगड किंवा जमीन यांपासून घेतो. अंग पुरेसे तापले की तो सावलीत जातो. जागा बदलणे हेच त्याचे तापनियंत्रण होय.

अंग गार पडले की सापाची पचनक्रिया मंदावते. गिळलेले भक्ष्य पोटातच कुजू लागते व तो ते ओकून टाकतो. उलट, अंगाचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास गेले की बहुतेक सापांच्या जिवावर बेतते. म्हणून पकडलेला साप बरणीत घालून उन्हात ठेवणे म्हणजे त्याला ठार मारणेच होय. बरणीत सावली नसते आणि बाहेर पडायला वाटही नसते.

नाग, धामण, अजगर यांसारखे आपल्याकडील साप पकडून घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मनाई आहे. परंतु प्राणिसंग्रहालये व सर्पोद्याने यांना साप पिंजऱ्यात किंवा पेटीत ठेवावेच लागतात. थंड देशांत काही लोक घरीही साप पाळतात. अशी मोठी पेटी उबदार कशी ठेवायची? थोडे गणित करून पाहू.

पेटीचे गणित

समजा, प्लायवुडची एक बंद पेटी २ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर उंच आहे. तिच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ १० चौरस मीटर भरते. आत-बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरमधून सुमारे ३ वॅट उष्णता बाहेर जाते असे धरू.

समुद्रकाठी हिवाळा सौम्य असतो. श्रीवर्धनच्या खोलीत पहाटे २२ अंश तापमान आहे व पेटीत सर्वत्र ३२ अंश हवे आहे, असे माना. फरक १० अंशांचा; म्हणून १० × १० × ३ = ३०० वॅट शक्तीचा तापक सतत चालू हवा. पुण्यास थंडीत खोली १२ अंशांवर उतरली, तर त्याच पेटीला ६०० वॅट लागतील.

आता पेटीची लांबी, रुंदी व उंची दुप्पट करा. घनफळ आठपट होईल, पण क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे श्रीवर्धनला १२०० वॅट लागतील. खर्च वाढला, पण जागेच्या मानाने तो निम्माच झाला.

परंतु संपूर्ण पेटी ३२ अंशांवर ठेवणे योग्य आहे काय? मुळीच नाही! अशा पेटीत सापाला निवड उरत नाही. म्हणून एकाच टोकाला तापक लावतात. समजा, आपल्या पहिल्या पेटीचे एक टोक ३२ अंशांवर ठेवले व दुसरे २४ अंशांवर राहिले. सरासरी झाली २८ अंश. बाहेरच्याहून ६ अंश अधिक. आता ३०० ऐवजी १८० वॅट पुरतात. विजेची बचत होते आणि सापाला ऊन व सावली दोन्ही मिळतात. लहान पेटीत दोन टोकांच्या तापमानांत असा फरक राखणे अवघड जाते. मोठ्या पेटीचा खरा फायदा हाच आहे.

घ्यावयाची काळजी

गरम हवा वर चढते. तापमापक छताजवळ टांगला तर जास्त अंश दिसतील. साप मात्र गार तळाशी पडलेला असेल. म्हणून तापमापक तळाजवळ, दोन्ही टोकांना हवेत. तापकाभोवती जाळी हवी. कारण अंग भाजत असतानाही साप तापलेल्या वस्तूपासून हलत नाही, असे पशुवैद्यांना पुष्कळदा आढळले आहे. शिवाय विजेच्या इस्त्रीत असतो तसा, ठराविक तापमानाला वीज बंद करणारा तापनियंत्रकही हवा.

अजगराचा अपवाद

सापांतही एक नवल आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. ती अंड्यांना ऊब देते, असे १८३२ मध्ये लामार-पिको यांनी सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांचा त्यावर विश्वास बसला नाही. १८४१ मध्ये व्हालांसिएन यांनी पॅरिसमध्येच तापमापक लावून ती खरोखरच भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण असते हे दाखविले. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रह्मी अजगराच्या मादीवर केलेल्या प्रयोगांत याचे कारण उलगडले. हवा ३३ अंशांच्या खाली गेली की ती स्नायू आकुंचित करून झटके देते व त्यातून उष्णता निर्माण करते. थंडीत आपण कुडकुडतो, तसाच हा प्रकार!

करून पाहा

या प्रयोगाला साप नको. पुठ्ठ्याचे लांबट खोके घ्या. गरम पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची बाटली फडक्यात गुंडाळून एका टोकाला ठेवा. दोन्ही टोकांना व मध्यभागी तळाशी एकेक तापमापक ठेवून खोके झाका. दर दहा मिनिटांनी तिन्ही तापमाने लिहून आलेख काढा. नंतर हाच प्रयोग निम्म्या लांबीच्या खोक्यात करा. कोणत्या खोक्यात दोन टोकांमधील फरक जास्त टिकतो? साप असता, तर त्याने कोणते खोके पसंत केले असते?