पणत्या लवकर वाळवा, पण तडकू देऊ नका

मैत्रिणींनो, दिवाळीची ऑर्डर हातात असली की वाटतं, पणत्या सरळ उन्हात मांडाव्यात. तिथंच नुकसान होतं. पाणी निघालं की माती आकसते. पातळ कडा आधी सुकतात, जाड बूड ओलंच राहतं, आणि तडा जातो.

मग काय करायचं?

१. माती मळतानाच थोडी चाळलेली बारीक वाळू मिसळा. आकसणं कमी होतं.

२. सुरुवातीला सावलीत, ओलसर कापडाखाली ठेवा.

३. कडा घट्ट झाल्या की पणत्या पालथ्या घाला; बुडाला हवा लागते.

४. रंग फिका पडला की मगच ऊन. इथं घाई चालते.

५. भट्टीआधी पणती गालाला लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे, वाफेनं फुटेल.