अर्थसंकल्पावर बाजारपेठेची नजर हवी

काही वर्षांपूर्वी आमच्या भाड्याच्या गाळ्याचे भाडे अचानक वाढून आले. तक्रार घेऊन कचेरीत गेलो तेव्हा कारकुनाने फाईल काढून समोर ठेवली. ठराव होऊन चार महिने झाले होते. हरकतीची नोटीस फलकावर लागली होती, मुदत संपून उतरलीही होती. त्या फलकाखालून आम्ही रोज दुकानाला जात होतो!

तेव्हापासून आम्ही भोर बाजारपेठेतील सात-आठ दुकानदार मिळून एक काम करतो. कोणत्या कचेरीत काय ठरणार आहे, ते ठरण्यापूर्वी विचारून घेतो.

पूर्वी नाक्यावर जकात (नाक्यावरची, धर्मातली नव्हे) भरावी लागे, म्हणून दर वाढला की त्याच दिवशी कळे. नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली. 2005 मध्ये व्हॅट आला आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी. कर मुंबई-दिल्लीत ठरू लागले आणि गावच्या कचेरीशी आपला संबंध संपला असा व्यापाऱ्यांचा समज झाला. घरपट्टी, गाळ्याचे भाडे, आठवडे बाजाराची फी, पाणी, गटार हे सारे आजही इथेच ठरते. नगरपालिकेत चार वर्षांनी करआकारणी नव्याने होते. हरकत त्याच वेळी घ्यावयाची असते, बिल आल्यावर नव्हे.

वेल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. (2024 मध्ये मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव राजगड करण्याचे ठरविले, आमच्या उधारीच्या वहीत तो अजून वेल्हेच आहे.) तेथे नगरपालिका नाही, ग्रामपंचायती आहेत. साधारणतः 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. खर्चाचा प्रश्न तेथे कोणताही मतदार विचारू शकतो. आपले लोक त्या दिवशी दुकान उघडे ठेवून बसतात.

आता राज्याचा अर्थसंकल्प. भाषणाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात घोषणा असतात आणि वर्तमानपत्रे त्याच छापतात. कराचे प्रस्ताव दुसऱ्या भागात येतात, आपल्या कामाचा तो. 28 जून 2024 रोजी डिझेलवरील कर 24 वरून 21 टक्के करण्याची घोषणा झाली. पेठेत लोक खूश झाले. पुढे वाचले तर ती सवलत मुंबई, ठाणे व नवी मुंबई क्षेत्रापुरती होती, पुणे जिल्हा त्यात नव्हता. 10 मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आला. नवा टेम्पो घेऊ पाहणाऱ्यासाठी ही मोठी बातमी, पण ती फारच थोड्यांनी वाचली.

रस्त्याचेही तसेच. भाषणात नाव आले म्हणजे पैसा आला असे नव्हे. तरतुदीचा आकडा पाहावा. कधी ती नुसती लाक्षणिक असते.

ओरड करून काय होते, असे विचारणारे भेटतात. 18 नोव्हेंबर 2021 रोजी अधिसूचना निघाली की 1 जानेवारी 2022 पासून कापडावर 5 ऐवजी 12 टक्के जीएसटी लागेल. हातात सहा आठवडे होते. देशभर कापडवाले उठले, काही राज्य सरकारेही बोलली आणि 31 डिसेंबरला परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. चपला-बुटांवरील वाढ मात्र लागू झाली. त्यांनी विरोध केला नव्हता असे नाही, पण जोर आपल्याइतका नव्हता. त्यांना पुन्हा 5 टक्के दर मिळायला 22 सप्टेंबर 2025 उजाडला.

आमची पद्धत साधी आहे. एकाने नगरपालिकेचा फलक पाहावा, एकाने पंचायत समिती. वेल्ह्याकडे माल पोहोचविणाऱ्याने तिकडच्या ग्रामसभांची खबर आणावी. मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा विचारायला सदस्यच उरले नाहीत. अशा वेळी माहिती अधिकाराचा अर्ज कामी येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात एकच प्रश्न, तोही नेमका लिहावा: अमुक कामाला या वर्षी किती रक्कम ठेवली व किती खर्च झाली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

आमच्याकडे या कामाची एक वही आहे. हरकतीच्या मुदती त्यात लाल शाईने लिहिल्या आहेत आणि ती गल्ल्याशेजारीच असते.